महासंगणक मध्येच बंद पडतो तेव्हा

२५ मे २०२५ चा रविवार बारामती आणि इंदापूर तालुके लवकर विसरणार नाहीत. त्या दिवशीच्या पावसाने नीरा डावा कालवा पिंपळी-लिमटेकजवळ फुटला, पाणी शेतांत आणि घरांत शिरले, एनडीआरएफच्या तुकड्या मागवाव्या लागल्या. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग. वर्षभराचा पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतेक वेळा परतीच्या पावसावर अवलंबून. अशा ठिकाणी मे महिन्यात कालवा फुटावा, हे जुन्याजाणत्यांनाही नवे होते.

दुसऱ्याच दिवशी, २६ मे रोजी, दिल्लीत ‘भारत फोरकास्टिंग सिस्टिम’ या नव्या हवामान मॉडेलचे लोकार्पण झाले. हे मॉडेल घडले पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये. आधीचे जागतिक मॉडेल पृथ्वीची विभागणी साधारण १२ किलोमीटरच्या चौकोनांत करत असे; नवे मॉडेल ती ६ किलोमीटरच्या चौकोनांत करते. बारामती ते इंदापूर हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. पूर्वी त्यात चारेक चौकोन बसत, आता आठेक बसतात. डाळिंबावर तेल्या आणि द्राक्षावर डाऊनी या रोगांची धास्ती घेऊन फवारणीचा दिवस ठरवणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक कळतो, कारण शेजारच्या गावात पडलेला पाऊस त्याच्या बागेत पडलाच असे नसते.

हे मॉडेल चालते ‘अर्का’ नावाच्या महासंगणकावर. सप्टेंबर २०२४ मध्ये आयआयटीएममध्ये तो कार्यान्वित झाला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे १ कोटी १८ लाख अब्ज गणिते. हा आकडा तेव्हा सगळीकडे छापून आला. एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही, आणि मला तो वेगाइतकाच महत्त्वाचा वाटतो: रात्री दोन वाजता गणित अर्ध्यावर असताना या यंत्राचा एखादा भाग बंद पडला, तर झालेल्या कामाचे काय होते?

महासंगणक म्हणजे एकच अवाढव्य संगणक नसतो. ती हजारो स्वतंत्र संगणकांची जोडणी असते. त्यातल्या प्रत्येकाला नोड म्हणतात. प्रत्येक नोडला स्वतःचे प्रोसेसर, स्वतःची मेमरी. मोठे गणित तुकड्यांत वाटले जाते, प्रत्येक नोड आपला तुकडा सोडवतो आणि क्षणाक्षणाला इतरांना आपले आकडे कळवत राहतो. यालाच समांतर संगणन म्हणतात. पुण्याला हे नवे नाही. १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि १९९१ साली तिने ‘परम ८०००’ उभा केला, तो ६४ नोडचा होता. २००७ साली पुण्यातच टाटांच्या संशोधन प्रयोगशाळेचा ‘एका’ जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथा आला. २०१८ साली आयआयटीएममध्ये ४ पेटाफ्लॉप्सचा ‘प्रत्युष’ आला आणि त्यानंतर ‘अर्का’.

या वाढीची एक बाजू उद्घाटनाच्या भाषणांत येत नाही. नोड वाढले की वेग वाढतो, तसे बिघाडही वाढतात. हिशोब साधा आहे. एक नोड सरासरी पाच वर्षांतून एकदा बंद पडतो असे धरू. घरच्या संगणकाबाबत कुणी हे सांगितले तर आपण समाधानाने मान डोलावू. पाच वर्षे म्हणजे ४३,८०० तास. असे ६४ नोड एकत्र जोडले, तर त्यातला कुठला ना कुठला ६८४ तासांनी, म्हणजे महिन्यातून एकदा बंद पडेल. ३,००० नोड जोडले तर दर १४.६ तासांनी. १०,००० जोडले तर दर ४.४ तासांनी. प्रत्येक नोड तितकाच चांगला आहे, कुणी निकृष्ट माल घेतलेला नाही, कुणी हलगर्जी केलेली नाही. आणि समांतर गणिताचा स्वभाव असा, की एक नोड गेला तर बाकीचे सगळे त्याच्या उत्तराची वाट पाहत अडकून पडतात. जॉब, म्हणजे यंत्राला दिलेले ते काम, मरतो तो सगळाच मरतो.

हा हिशोब कागदावरचा राहिलेला नाही. मेटा कंपनीने २०२४ साली आपल्या ‘लामा ३’ या भाषिक मॉडेलच्या प्रशिक्षणाची माहिती जाहीर केली. १६,३८४ जीपीयू (एकदम अनेक गणिते करणारे प्रोसेसर) एकाच कामाला लावले होते. त्या प्रशिक्षणातल्या ५४ दिवसांच्या काळात काम ४६६ वेळा थांबले. त्यातले ४७ थांबे ठरवून घेतलेले होते, उरलेले ४१९ अनपेक्षित. म्हणजे सरासरी दर तीन तासांनी एक बिघाड. बहुतेक बिघाड यंत्रसामग्रीचे होते: जीपीयू निकामी होणे, त्याची मेमरी दगा देणे. तरीही उपलब्ध वेळातला ९० टक्क्यांहून अधिक वेळ प्रत्यक्ष कामी लागला, असे त्यांनी नोंदवले आहे. दर तीन तासांनी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती, तर ते प्रशिक्षण कधीच संपले नसते.

ते संपले, कारण ठरावीक वेळाने गणिताची त्या क्षणाची पूर्ण अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जात होती. याला चेकपॉइंट म्हणतात. बिघाड झाला की खराब नोड बाजूला काढायचा, त्याच्या जागी राखीव नोड घ्यायचा, शेवटचा चेकपॉइंट वाचायचा आणि तिथून पुढे चालू लागायचे. कल्पना कुणालाही सुचेल इतकी सरळ आहे. ती हजारो नोडवर नीट अमलात आणण्यात मात्र संगणकशास्त्रातली काही फार तल्लख डोकी खर्ची पडली आहेत.

पहिला प्रश्न, अवस्था म्हणजे नेमके काय जपायचे. सरधोपट उत्तर असे, की मेमरीत जे काही आहे ते सगळे. यात सोय आहे; प्रोग्राम लिहिणाऱ्याला काही करावे लागत नाही, खालची यंत्रणाच मेमरीची जशीच्या तशी प्रत काढते. पण आकारमान बघा. ३,००० नोड, प्रत्येकी २५६ गिगाबाइट मेमरी धरली, तर ७,६८,००० गिगाबाइट झाले. सामायिक डिस्कव्यवस्था सेकंदाला ५०० गिगाबाइट लिहू शकते असे मानले, तरी साडेपंचवीस मिनिटे लागतील आणि तेवढा वेळ गणित थांबून राहील. म्हणून हवामानाची मॉडेले दुसरा मार्ग धरतात. पुढे जायला जे अत्यावश्यक तेवढेच ती लिहितात: प्रत्येक चौकोनातले तापमान, वाऱ्याचा वेग आणि दिशा, दाब, बाष्प, जमिनीतला ओलावा, घड्याळात किती वाजले आहेत. बाकीचे आकडे यांवरून पुन्हा काढता येतात. या फाईलला त्या क्षेत्रात रिस्टार्ट फाईल म्हणतात आणि तिच्यात काय घालायचे हे मॉडेल लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. एखादी राशी विसरली तर मॉडेल पुन्हा सुरू होते, चालतेही, फक्त उत्तर हळूहळू भरकटते. अशी चूक सापडायला महिने लागू शकतात.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. हजारो नोडची अवस्था एकाच क्षणी टिपायची कशी? प्रत्येक नोडला स्वतःचे घड्याळ आहे आणि कुठलीही दोन घड्याळे शेवटच्या सूक्ष्म क्षणापर्यंत जुळत नाहीत. ‘आता लिहा’ असा हुकूम सोडला, तरी तो सगळ्यांना एकाच वेळी पोहोचत नाही.

उदाहरणासाठी असे समजू, की बारामतीवरचे आभाळ एका नोडकडे आहे आणि इंदापूरवरचे दुसऱ्याकडे. प्रत्यक्षात इतके जवळचे चौकोन बहुधा एकाच नोडवर असतील, पण मुद्दा समजायला हे पुरेल. पश्चिमेचा वारा आहे. बारामतीच्या चौकोनातून काही बाष्प पूर्वेला सरकते. बारामतीचा नोड आपल्या खात्यातून तेवढे बाष्प वजा करतो आणि इंदापूरच्या नोडला संदेश पाठवतो, की एवढे तुझ्याकडे येत आहे. संदेश वाटेत असताना दोघांनीही आपापली अवस्था लिहून ठेवली, तर बारामतीने बाष्प वजा केलेले आहे, इंदापुराने जमा केलेले नाही. या चेकपॉइंटवरून पुन्हा सुरुवात केली, तर तेवढे पाणी जगातून नाहीसे झाले. आता उलट घडले असे धरा. बारामतीच्या नोडने आधी अवस्था लिहिली, मग संदेश पाठवला; तो पोहोचल्यावर इंदापूरच्या नोडने आपली अवस्था लिहिली. पुन्हा सुरू केल्यावर बारामती तेच बाष्प दुसऱ्यांदा पाठवणार. इंदापुरावर नसलेला पाऊस पडणार. पहिल्या प्रकारात हरवलेला संदेश निदान टिपून ठेवता येतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात परिणाम नोंदला गेला आहे आणि त्याचे कारण अजून घडलेलेच नाही. असे चित्र खऱ्या जगात कुठल्याच क्षणी असू शकत नाही.

प्रत्येक नोडने आपल्या सोयीने, स्वतंत्रपणे चेकपॉइंट घेतले तर काय होते, हे ब्रायन रँडेल यांनी १९७५ साली दाखवून दिले. एक नोड मागे गेला, की त्याने पाठवलेले काही संदेश ‘न पाठवलेले’ ठरतात; मग ते संदेश घेतलेल्या नोडला आणखी मागच्या चेकपॉइंटवर जावे लागते; त्यामुळे तिसऱ्याला. अशी घसरण सुरू झाली, की सगळेच्या सगळे पार आरंभापर्यंत जाऊन पोहोचू शकतात. चेकपॉइंट ढीगभर आणि उपयोगाचा एकही नाही.

याचे उत्तर १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात आहे आणि तो निबंध मला भिगवणची आठवण करून देतो. कारण त्याच्या लेखकांनी हा प्रश्न समजावताना स्थलांतरित पक्ष्यांनी भरलेल्या आभाळाचे उदाहरण घेतले आहे: दृश्य इतके विस्तीर्ण, की एका छायाचित्रात मावत नाही, अनेक छायाचित्रकारांनी आपापला तुकडा टिपायचा, तोही अगदी एकाच क्षणी नाही, पक्ष्यांना न उठवता, आणि मग तुकडे जोडून पूर्ण चित्र करायचे. इंदापूर तालुक्यातल्या वाचकाला हे उदाहरण समजावून सांगावे लागत नाही. हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर डिकसळ, कुंभारगाव, भिगवण या पट्ट्यात रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागे कॅमेरे घेतलेली माणसे. डिकसळला एकाने फोटो काढला, कुंभारगावला दुसऱ्याने जरा वेळाने काढला. मधल्या वेळात एक थवा डिकसळहून कुंभारगावला गेला, तर तो दोन्ही फोटोंत दिसेल. कुंभारगावचा फोटो आधी निघाला असेल, तर तोच थवा कदाचित एकाही फोटोत दिसणार नाही. मोजदाद दोन्ही वेळा चुकीची.

त्या निबंधाचे लेखक के. मणी चंडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट. चंडी मूळचे केरळातल्या कोट्टायमचे, आयआयटी मद्रासचे पदवीधर, आणि तेव्हा टेक्सास विद्यापीठात. लॅम्पोर्ट त्यांच्याकडे गेले असताना रात्रीच्या जेवणावर चंडींनी हा प्रश्न घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करताना लॅम्पोर्टना उत्तर सापडले. ते चंडींच्या खोलीत पोहोचले, तर चंडी तेच उत्तर घेऊन बसलेले होते. हा प्रसंग लॅम्पोर्टनीच सांगितला आहे. पुढे २०१३ चा ट्युरिंग पुरस्कार लॅम्पोर्टना मिळाला.

त्यांची युक्ती अशी. कुठलाही एक नोड सुरुवात करतो. तो आपली अवस्था लिहितो आणि दुसरे काहीही पाठवण्याआधी प्रत्येक शेजाऱ्याला एक खुणेचा संदेश पाठवतो. ज्या नोडला ही खूण पहिल्यांदा मिळते, तो तत्क्षणी आपली अवस्था लिहितो आणि आपल्या शेजाऱ्यांना खूण पाठवतो. त्यानंतर उरलेल्या प्रत्येक शेजाऱ्याकडून त्याची खूण येईपर्यंत जे जे नेहमीचे संदेश येतील, ते तो बाजूला नोंदवत जातो. तेच वाटेतले संदेश, म्हणजे दोन फोटोंच्या मधला थवा. सगळ्यांना सगळीकडून खुणा मिळाल्या, की चित्र पूर्ण. अट एवढीच, की एका वाटेने पाठवलेले संदेश ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोहोचले पाहिजेत. आता बघा, बारामतीने अवस्था लिहिल्यानंतर पाठवलेला बाष्पाचा संदेश खुणेच्या मागेच राहणार. इंदापूरला खूण आधी मिळणार, ते आपली अवस्था आधी लिहिणार. म्हणजे नसलेला पाऊस त्या चित्रात येऊच शकत नाही. अवस्था लिहिण्याआधी पाठवलेला संदेश खुणेच्या पुढे असणार. तो एक तर जमा झालेला असेल, नाही तर वाटेतला म्हणून नोंदला जाईल. म्हणजे पाणी हरवतही नाही. सगळे काम थांबवावे लागले नाही, घड्याळे जुळवावी लागली नाहीत. मिळालेले चित्र कदाचित कुठल्याच एका क्षणाचे नसते, पण ते घडू शकले असते असे, आतून सुसंगत चित्र असते, आणि पुन्हा सुरुवात करायला तेवढेच लागते. संगणकशास्त्रात इतक्या थोड्या शब्दांत मांडता येणारे आणि इतके पुरून उरणारे उत्तर मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. आजही सतत वाहत येणारी माहिती हाताळणारी ‘अपाचे फ्लिंक’सारखी प्रणाली याच कल्पनेवर आपले चेकपॉइंट घेते.

हवामानाच्या मॉडेलला इतके करावे लागत नाही. तिथे काळ पावलापावलाने पुढे सरकतो. प्रत्येक पावलाच्या शेवटी सगळे नोड एकमेकांसाठी थांबतात, हिशोब जुळवतात आणि मगच पुढचे पाऊल टाकतात. त्या थांब्यावर वाटेत एकही संदेश नसतो. तिथेच रिस्टार्ट फाईल लिहिली की झाले. सगळ्याच समांतर कामांना असा निसर्गदत्त थांबा मिळत नाही.

मग किती वेळाने लिहायचे? हा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याचे उत्तर जॉन यंग यांनी १९७४ सालीच देऊन ठेवले आहे. वारंवार लिहिले तर लिहिण्यातच वेळ जातो. क्वचित लिहिले तर बिघाड झाल्यावर बरेच काम पुन्हा करावे लागते. दोन्ही नुकसानांची बेरीज सर्वांत कमी कुठे होते? यंगचे सूत्र: एक चेकपॉइंट लिहायला लागणारा वेळ आणि दोन बिघाडांमधला सरासरी वेळ यांचा गुणाकार करा, त्याची दुप्पट करा आणि वर्गमूळ काढा. आपल्या ३,००० नोडच्या यंत्रात बिघाडांमधले अंतर १४.६ तास. लिहायला ६ मिनिटे, म्हणजे ०.१ तास लागतो असे धरा. गुणाकाराची दुप्पट २.९२, वर्गमूळ १.७१ तास. म्हणजे दर १ तास ४३ मिनिटांनी. मग लिहिण्यात सुमारे ६ टक्के वेळ जातो आणि वाया गेलेले काम पुन्हा करण्यात आणखी ६ टक्के. उत्तम अंतरावर ही दोन नुकसाने सारखी येतात. भीतीपोटी दर १५ मिनिटांच्या कामामागे ६ मिनिटे लिहीत बसलात, तर तुम्ही बिघाडापेक्षा जास्त नुकसान स्वतःच करून घेतले. आणि निर्धास्तपणे दहा तासांनी एकदा लिहिले, तर दर बिघाडामागे सरासरी पाच तास पाण्यात.

२००६ साली जॉन डॅली यांनी हे सूत्र अधिक अचूक केले, पण त्यामागचे गृहीतक तेच आहे, की बिघाड एकमेकांशी संबंध न ठेवता, कधीही येतात. खरी यंत्रे इतकी सरळ वागत नाहीत. वातानुकूलन बिघडले तर एका रांगेतले अनेक नोड एकदम जातात. नवीन यंत्राच्या पहिल्या महिन्यांत बिघाड जास्त होतात. म्हणून सूत्राने आलेला आकडा सुरुवातीला वापरावा आणि पुढे आपल्या यंत्राची नोंदवही बघून तो बदलत जावा.

सूत्रात एक वाट लपलेली आहे. लिहायचा वेळ ६ मिनिटांवरून १ मिनिटावर आणला, तर उत्तम अंतर ४२ मिनिटांवर येते आणि एकूण नुकसान १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या खाली. ३,००० नोडच्या यंत्रावर वाचलेले सात टक्के म्हणजे २०० हून अधिक नोड फुकट मिळाल्यासारखे. मग लिहिणे जलद कसे करायचे? डिस्कवर न लिहिता दुसऱ्या नोडच्या मेमरीत लिहून.

या कल्पनेला चांगला आकार देणाऱ्यांत इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक लक्ष्मीकांत काळे यांचे नाव ठळक आहे. त्यांच्या गटाने ‘चार्म++’ ही समांतर प्रोग्राम लिहिण्याची पद्धत घडवली आणि रेणूंच्या हालचालींचा अभ्यास करणारा ‘नॅमडी’ हा जगभर वापरला जाणारा प्रोग्राम तिच्यावर उभा आहे. या कामासाठी काळे आणि क्लाउस शुल्टेन यांना २०१२ चा सिडनी फर्नबाख पुरस्कार मिळाला. काळे यांच्या गटाने २००४ च्या सुमाराला दुहेरी चेकपॉइंटची पद्धत मांडली. प्रत्येक नोडला एक सोबती नोड ठरवून दिलेला असतो. आपल्या अवस्थेची एक प्रत स्वतःच्या मेमरीत, दुसरी सोबत्याच्या मेमरीत. नोड मेला तर त्याची प्रत सोबत्याकडे शाबूत असते. बाकीचे सगळे आपल्याच मेमरीतल्या प्रतीवरून मागे जातात. डिस्कला हातही लावावा लागत नाही. दोन्ही सोबती एकदम मेले तरच पंचाईत, म्हणून ते एकाच कपाटात, एकाच वीजपुरवठ्यावर ठेवायचे नाहीत. शिवाय अधूनमधून एखादी प्रत डिस्कवर टाकायची. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने असेच अनेक पातळ्यांचे चेकपॉइंट नेहमीच्या वापरात आणले: जवळची प्रत वारंवार, दूरची क्वचित.

इथपर्यंत आपण असे मानले, की यंत्र बिघडले की बिघडले म्हणून कळते. सगळेच बिघाड इतके प्रामाणिक नसतात. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे कण मेमरीच्या चिपवर आदळतात आणि एखादा बिट उलटा करतात. शून्याचा एक होतो. काही बंद पडत नाही, फक्त आकडा चुकतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २००३ साली ॲपलचे १,१०० संगणक जोडून महासंगणक केला. तो जगात तिसरा आला. पण त्या संगणकांच्या मेमरीत अशा चुका शोधून दुरुस्त करण्याची सोय नव्हती. वर्षभरात ते सगळे संगणक बदलून तशी सोय असलेले घ्यावे लागले. चुकलेला आकडा चेकपॉइंटमध्ये लिहिला गेला, तर तो चेकपॉइंट आपण जपून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा त्याच चुकीवरून सुरुवात करतो. म्हणून प्रत्येक चेकपॉइंटबरोबर पडताळणीचा आकडा लिहायचा असतो. नवा पूर्ण लिहून पडताळून होईपर्यंत जुना पुसायचा नसतो, कारण लिहिता लिहिताच वीज गेली तर नवा अर्धवट आणि जुना गेलेला, अशी अवस्था होते. आणि शक्य असेल तर एकाहून अधिक जुने चेकपॉइंट ठेवायचे.

रोजच्या अंदाजाला हे सगळे किती लागते? सकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर चालणारे गणित काही तासांतच संपवावे लागते, कारण फवारणी उरकल्यावर पोहोचलेला अंदाज शेतकऱ्याच्या कामाचा नाही. हे गणित लहान असते, बिघाडाची शक्यता कमी; पण उशीर परवडत नाही, म्हणून अर्ध्यावरून उचलता येणे मोलाचे. त्याहून मोठी गरज आहे ती हवामानबदलाच्या अभ्यासाला. आयआयटीएमने भारताचे पहिले पृथ्वी-प्रणाली मॉडेल तयार केले आणि त्याचे निष्कर्ष आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामानबदल मंडळाच्या सहाव्या अहवालामागच्या जागतिक तुलनेत गेले. त्या तुलनेतला इतिहासाचा भागच १८५० ते २०१४ असा १६५ वर्षांचा. असे गणित महिनोन्‌महिने चालते. मोठ्या यंत्रांवर एका जॉबला ठरावीक तासच मिळतात, वेळ संपली की पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. मग एका चेकपॉइंटवरून दुसऱ्या चेकपॉइंटपर्यंत, टप्प्याटप्प्याने तो काळ ओलांडला जातो. बिघाड एकदाही झाला नाही तरी चेकपॉइंटवाचून हे काम होत नाही.

आणि म्हणून मॉडेल लिहिणाऱ्या मंडळींची एक परीक्षा मला फार आवडते. मॉडेल सलग दहा दिवस चालवायचे. मग तेच मॉडेल पाच दिवस चालवून थांबवायचे, रिस्टार्ट फाईलवरून उरलेले पाच दिवस चालवायचे. दोन्ही उत्तरे ताडून बघायची, जवळपास नव्हे, बिटन्‌बिट. हवा ही अशी गोष्ट आहे, की सुरुवातीचा अगदी बारीक फरक काही दिवसांत मोठा होतो. एक बिट जरी वेगळा निघाला, तरी रिस्टार्ट फाईलमध्ये काहीतरी राहून गेले आहे असे समजायचे आणि ते सापडेपर्यंत मॉडेल पुढे न्यायचे नाही.

सार्वजनिक पैशातून महासंगणक घेतले जातात तेव्हा पेटाफ्लॉप्सच्या बरोबरीने तीन आकडे जाहीर व्हावेत असे माझे स्पष्ट मत आहे: दोन बिघाडांमधले सरासरी अंतर किती, चेकपॉइंट लिहायला वेळ किती, आणि वर्षभरात मिळालेल्या वेळातला प्रत्यक्ष कामी किती आला. वेगाचा आकडा पहिल्या दिवशीचा असतो. हे तीन आकडे पुढच्या पाच वर्षांचे असतात.

बारामतीच्या परिसरात हे काम शिकायला आणि शिकवायला जागा आहेत. विद्या प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, माळेगाव खुर्दला अजैविक ताणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या सोबतीने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. लांब चालणारी गणिते इथेही वाढत जाणार. तिथल्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सुचवेन: बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात तयार झालेली ‘डीएमटीसीपी’ ही चेकपॉइंटची प्रणाली विनामूल्य मिळते. आधी उष्णतेच्या वहनाचा साधा प्रोग्राम दोन संगणकांवर मिळून विनाखंड चालवा आणि त्याचे उत्तर जपून ठेवा. मग तोच पुन्हा चालवा, दर पाच मिनिटांनी चेकपॉइंट तिसऱ्या संगणकावर लिहू द्या, आणि गणित अर्ध्यावर आले की दोघांपैकी एकाची वीज काढा. शेवटच्या चेकपॉइंटवरून काम पुढे न्या, संपू द्या आणि आधी जपलेल्या उत्तराशी ताडून बघा. दोन्ही शेवटच्या बिटपर्यंत जुळली पाहिजेत.